नुएनाच्या वाट्याची रोटी

“डबा ठोक की गं, सुएल्मा! पीठ फुगवून भरतेस.”

“सगळ्यांना एकदाच ठोकते. तुला दोनदा ठोकला तर शेवटच्या बाईच्या पिशवीत काय घालू, वाळू?”

तुफा हसली नाही. तिची नजर माझ्या हातावरच होती. आमच्या निर्वासित छावणीत मदतीचं पीठ वाटायच्या दिवशी गटातल्या सगळ्याच बायकांची नजर माझ्या हातावर असते, आणि माझी त्यांच्या पिशव्यांवर. कोण मेलेल्या सासूचं नाव अजून सांगते, कोण स्पेनला गेलेल्या पोराचा वाटा नेते, कोणाच्या पिशवीला आतून दुसरी पिशवी शिवलेली आहे, मला सगळं ठाऊक असतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस आधी संशय घेतो आणि मग सलाम करतो. माझा नवरा महजूब म्हणतो, तू जन्नतच्या दारात पोचलीस तरी आधी आत गोण्या किती आहेत ते विचारशील. म्हणू दे. माझ्या गटात आजवर एकही चूल पिठावाचून राहिलेली नाही.

तेवढ्यात माझी नुएना गोण्यांच्या आडून आली आणि माझ्या अंगाभोवतीच्या मेलहफ्याचा पदर धरून उभी राहिली. सहा वर्षांची पोर. हातपाय काड्यांसारखे, आणि पोट मात्र असं पुढे आलेलं की झग्याची कड पुढून वर उचललेली. तुफानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारणीला हळूच म्हणाली. हळूच, पण मला ऐकू येईल इतपत.

“आपल्या पिशव्या बघ आणि हिच्या पोरीचं पोट बघ. पीठ कुठं मुरतंय, कळलं ना?”

बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुफा, तुझ्या जिभेला काही हाड आहे का? पोरीच्या पोटात पीठ नाही, दुखणं आहे.”

“कसलं दुखणं?”

मी डबा पिठात खुपसला आणि पुढच्या बाईला पिशवी उघडायला सांगितलं. कसलं दुखणं, तेच तर कळत नव्हतं.

दवाखान्यातला डॉक्टर लहबीब आमच्याच छावणीतला. याच वाळूत अनवाणी खेळला, क्युबात जाऊन शिकला आणि परत आला. नुएनाचं रक्त त्यानं तपासायला पाठवलं होतं. उत्तर आलं त्या दिवशी त्यानं मला बसायला सांगितलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. डॉक्टर उगाच बसायला सांगत नाहीत.

“रक्तावरून शंका येते, सुएल्माताई. गव्हाचं दुखणं असावं. गहू पोटात गेला की आतडं आतून झिजतं. आपल्या लोकांत हे फार आहे.”

“असावं म्हणजे? आहे की नाही ते सांग.”

“नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. नळीवाले डॉक्टर बाहेरून येतात. ईद झाली की मोठ्या इस्पितळात येतील.”

“बरं. मग तोवर गहू बंद करते.”

त्यानं कपाळावर हात मारला. “तेवढंच करू नकोस! गहू बंद केलास की आतडं भरून यायला लागेल. नळीला सगळं ठीकठाक दिसेल. मग मी काय लिहू? आणि मी लिहिलं नाही तर तिला बिनगव्हाचं पीठ कोण देईल? ते निदान झालेल्यांनाच मिळतं, हे मी तुला सांगायला हवं का?”

मला सांगायला नको होतं. आमच्याच गटातल्या लमीराचं उदाहरण माझ्यासमोर होतं. तिच्या मुलाचं असंच होतं. तिनं शहाणपणा करून रोटी बंद केली, पोरगं हसायला-खेळायला लागलं, आणि नळीत काहीच सापडलं नाही. खास पीठ मिळालं नाही. नुसत्या तांदळावर आणि मसूर डाळीवर घर किती दिवस चालणार? पुन्हा रोटी सुरू झाली, पुन्हा पोट फुगलं. आता नळीवाले पुन्हा कधी त्याला घेतात याची वाट बघत ती बसली आहे. लोक तिला म्हणतात, तपासणीत काही निघालं नाही, म्हणजे पोरगं सोंग करतं.

“म्हणजे जे विष असेल असं तुला वाटतं, ते मी रोज माझ्या हातानं पोरीला घालू?”

“रोज एक रोटी. बाकी भात, डाळ, दूध, मांस, काय पचेल ते. पण ती एक रोटी चुकवायची नाही.” मग तो खाली बघून म्हणाला, “मलाही हे सांगताना बरं वाटत नाही, ताई.”

त्याला बरं वाटत नव्हतं, आणि भरवायचं मला होतं.

महजूब सैन्यात, दूर हमादाच्या खडकाळ वाळवंटात कुठेतरी. सुट्टीवर येतो तेव्हा चार दिवस पाहुण्यासारखा. घरात मी आणि नुएना, आणि अंगणापलीकडच्या तंबूत माझी सासू एम्बारका. मी त्यांना खाला म्हणते. आमच्याकडे सासूशी नजरेला नजर देऊन वाद घालायचा नाही. त्या आल्या की पदर सावरायचा, आवाज उतरवायचा, चहाचा पहिला पेला त्यांच्यापुढे ठेवायचा. त्यांनी काही म्हटलं की “होय खाला,” आणि मनात काय असेल ते मनात. माझ्या मनात बरंच होतं.

एक तर खाला रोटी खात नसत. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. ताटात रोटी आली की त्या तुकडा मोडत, बोटांत फिरवत, आणि जेवण संपलं की तो तुकडा तसाच कडेला. मी विचारलं तर म्हणत, दात नाहीत. दात तर चांगले खजुराची बी फोडतील असे! मग त्यांच्या वाट्याचं पीठ जातं कुठे? त्यांच्या नावाचं पीठ मीच मोजून देत होते. पलीकडच्या छावणीत त्यांची लेक आहे, तिला पोरं पाच. मी मनाशी हिशोब लावून टाकला होता. सासूचं पीठ लेकीकडे जातं, आणि मला दातांच्या गोष्टी सांगतात. बोलले कधी नाही. पण ती पिशवी त्यांच्या हातात देताना दरवेळी माझी मान जराशी वाकडी व्हायची.

डॉक्टर काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या चहा ओतत होत्या. हात थांबला.

“ही इगिंदी आहे,” त्या म्हणाल्या. “खाण्यातून लागलेली पीडा. कुणाला मिठाची लागते, कुणाला शेंगदाण्याची, कुणाला धान्याची. बाभळीच्या शेंगांचं पाणी दे आणि रोटी बंद कर.”

“होय खाला. पण डॉक्टर म्हणतो, नळी होईपर्यंत रोज एक.”

“डॉक्टरला पोरं आहेत का?”

“अजून लग्न व्हायचंय.”

“मग बरोबर,” खाला म्हणाल्या, आणि त्यांनी चहा पुन्हा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतायला सुरुवात केली. विषय तिथेच संपला. निदान मला तसं वाटलं.

रोटी भरवणं म्हणजे रोजची लढाई. नुएना शाळेतून आली, जरा निजून उठली, की मी तेल लावून रोटी तिच्यापुढे ठेवायची आणि ती ओठ घट्ट मिटायची.

“अम्मी, ही खाल्ली की पोटात चावतं.”

“थोडेच दिवस, माझ्या राणी. मग डॉक्टरकाका तुला नवीन रोटी देणार आहेत. न चावणारी.”

“मग आजच दे ना न चावणारी.”

काय सांगणार? मी तोंड फिरवून तिच्या हातात तुकडा कोंबायची. ती रडत रडत चावायची, आणि मी बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहायची. एकदा तिनं गालात तुकडा धरून ठेवला आणि बाहेर जाऊन थुंकला. ते मी पाहिलं, आणि त्या दिवशी मी तिला मारलं. आजारी पोरीला, खात नाही म्हणून, आणि तेही कशासाठी, तर ती आणखी आजारी दिसावी म्हणून!

मग एके दिवशी खाला स्वतःहून म्हणाल्या, “मी शेळ्यांकडे जाते तेव्हा तिला नेते. चालता चालता खाईल. माझ्या गोष्टींच्या नादात रोटी कधी संपली ते तिला कळणारही नाही.”

मला हायसं वाटलं. दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की खाला निघायच्या. एका हातात शेळ्यांसाठी उष्टं-खरकटं, दुसऱ्या हातात नुएनाचा हात, आणि नुएनाच्या हातात तेल लावलेली रोटी. सूर्य बुडायच्या सुमारास दोघी परत यायच्या, तेव्हा रोटी संपलेली असायची.

“खाल्लीस?”

“हो अम्मी.”

“सगळी?”

“सगळी.”

इथेच मला संशय यायला हवा होता. जी पोर माझ्यापुढे चार घास खाताना आकांत करते, ती आजीबरोबर अख्खी रोटी गुपचूप खाते? पण आपल्याला हवं ते कुणी सांगितलं की आपण खोलात शिरत नाही.

आणि मग नुएना सुधारायला लागली.

आधी झग्याची पुढची कड सरळ झाली. मग गालांवर जरासा रंग आला. एका सकाळी शेजारच्या पोरींबरोबर दोरीवर उड्या मारताना मी तिला पाहिलं. तिला उडी मारताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं! शेजारणी म्हणाल्या, “माशाल्ला, सुएल्मा! पोर बाळसं धरतेय.” मी हसले, आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. जगात कुठल्या आईला पोर सुधारतेय म्हणून धडकी भरते? मला भरली. ईद तोंडावर आली होती. पोर बरी दिसतेय, याचा अर्थ तिच्या पोटात रोटी जात नाही. आणि रोटी जात नाही, याचा अर्थ नळीत काही दिसणार नाही. मग आमचीही गत लमीरासारखी. आयुष्यभर “असावं” आणि “नसावं” यांच्यामध्ये लटकत राहायचं.

कुणीतरी माझ्या पोरीची रोटी पळवत होतं.

मी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, शाळेत ती काही फेकत नाही आणि कुणी काही देत नाही. मी नुएनाचे खिसे उलटे केले. वाळू, एक बटण, एक शिंपलं. मी घरामागची राख उकरून बघितली. मग मला तुफा आठवली. तुफाची पोरगी नुएनाची मैत्रीण. मी तडक तिच्या तंबूत गेले.

“माझ्या पोरीला काय खायला घालतेस?”

“मी?” तुफानं डोळे मोठे केले. “तुझ्या पोरीला? आता मी तुझ्या पोरीला पोसते असंही म्हणणार का तू? अगं, पीठ तुझ्या हातात, गोण्या तुझ्या हातात!”

“तिची रोटी कुठं जाते?”

“मला काय विचारतेस? तुझ्या सासूच्या शेळीला विचार.” ती खवचट हसली. “काळ्या शेळीला. आमच्या शेळ्या पुठ्ठे चघळतात आणि वाटीभर दूध देतात. तुझ्या सासूची शेळी अंगावर लोणी चढल्यासारखी चकाकते. काय खाते ती एवढं?”

मी तिला काहीतरी टोचून बोलणार होते, पण तशीच मागे वळले. खालांकडून रोज दुधाचा कटोरा येत होता आणि तो हल्ली काठोकाठ भरलेला असायचा, हे मला त्या क्षणी जाणवलं.

त्या दिवशी असर झाल्यावर मी नेहमीसारखी रोटी भाजली, तेल लावलं, नुएनाच्या हातात दिली. दोघी निघाल्या. मी थोडं थांबले आणि मागून निघाले. आमच्या शेळ्यांचे वाडे छावणीच्या कडेला आहेत. जुन्या तारा, चेपलेले डबे, ट्रकचे फुटके पत्रे, जे मिळेल ते जोडून केलेले. मी एका पत्र्याआड उभी राहिले.

नुएना वाड्यापाशी बसली आणि तिनं रोटी आजीकडे दिली. मागावी लागली नाही. रोजचंच असावं असं तिनं दिलं. खालांनी रोटीचे तुकडे केले आणि तारेतून काळ्या शेळीला घातले. मग पदराआडून झाकलेला कटोरा काढला. त्यात भात होता, वर दूध. नुएना बोटांनी भात खायला लागली आणि खाला तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.

मी पत्र्याआडून बाहेर आले. पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही.

“एम्बारका!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नावानं हाक मारली. “काय करतेस तू हे? माझ्या पोरीचं वाटोळं करतेस! लाज नाही वाटत?”

नुएनाचा कटोरा कलंडला. खाला दचकल्या नाहीत. त्यांनी हाताला लागलेला भुगा झटकला.

“बस,” त्या म्हणाल्या.

“नाही बसत! तुझं पीठ तू लेकीकडे पाठवतेस, ते मी डोळ्याआड केलं. पण माझ्या पोरीची रोटी शेळीला? तुला माहीत आहे नळीत दिसलं नाही तर काय होतं?”

“लेकीकडे?” खालांनी माझ्याकडे पाहिलं. “माझं पीठ लेकीकडे जातं असं वाटतं तुला?”

“मग कुठं जातं?”

“तुझ्या गोणीत.”

मला कळलं नाही.

“तू बाहेर गेलीस की मी माझी पिशवी तुझ्या गोणीत ओतते. तू आलीस त्या वर्षापासून. सगळ्या छावणीची पिशवी बाहेरून ओळखतेस, पोरी, आणि घरची गोणी महिनाअखेरपर्यंत कशी पुरते ते तुला कधी कळलं नाही?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथेच वाळूवर बसले.

“मला रोटी सोसत नाही,” खाला म्हणाल्या. “खाल्ली की दोन दिवस उठता येत नाही. लोकांना काय सांगायचं? ज्या पिठासाठी लोक रांगेत भांडतात, ते मला सोसत नाही म्हणायचं? म्हणून दात नाहीत म्हणते. म्हटलं, आपलं पीठ निदान सुनेच्या घरात जाऊ दे. नात खाईल.” त्यांनी नुएनाकडे पाहिलं नाही. “आणि नात खात होती.”

त्यांनी कलंडलेला कटोरा सरळ करून ठेवला.

“महजूबच्या आधी मला एक मुलगा होता. बशीर.”

मला हे ठाऊक होतं, पण एवढंच ठाऊक होतं. छावणीच्या पहिल्या वर्षी वारलेली मुलं आमच्याकडे प्रत्येक घरात आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

“लढाईत घर सोडून इथं आलो ते पहिलं वर्ष. उंटिणी मागं राहिल्या, दूध मागं राहिलं. मग पिठाचे ट्रक आले. आम्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. मी रोटी वाळूत भाजायची, पाण्यात भिजवायची आणि त्याला भरवायची. तो आजारी पडला, म्हणून जास्त भरवायची. शेजारणी म्हणायच्या, खायला घाल, एम्बारका, पोर वाळतंय. मी माझा वाटाही त्याला घातला.” त्यांनी उजवा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं. “याच हातानं. पोट असं झालं होतं. अगदी हिच्यासारखं.”

नुएना आजीला चिकटून बसली होती. तिला सगळं कळलं नसावं, पण ती रडत होती.

“एकाला मी या हातानं मारलं,” खाला म्हणाल्या. “दुसरीला मारायला मला सांगू नकोस. मग तू मला नावानं हाक मार नाहीतर दगड मार.”

माझा राग गेला होता, भीती मात्र तशीच होती. मी डोक्यावर पदर घेतला.

“खाला,” मी म्हटलं, “बशीरला काय झालं होतं?”

“सांगितलं ना.”

“नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगितलंत. काय झालं होतं ते तुम्हालाही माहीत नाही. कुणी बघितलंच नाही, म्हणून एवढी वर्षं तुम्ही स्वतःचा हात बघत बसलात. उद्या मीही तशीच बसू का? हिला बरं वाटतंय ते तुमच्या भातानं. पण तुम्ही नसाल, मी नसेन, ही सासरी जाईल, तेव्हा तिच्यापुढे कुणी रोटी ठेवली तर ती काय सांगेल? दात नाहीत म्हणेल?”

खालांनी कटोरा उचलला आणि त्या उठल्या. परत येताना त्यांनी नुएनाचा हात धरला नव्हता.

डॉक्टर लहबीबनं सगळं ऐकलं आणि डोकं धरलं. मग विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. तो म्हणाला, “आतडं एवढ्यात पूर्ण भरून येत नाही. मी तिचं नाव नळीवाल्यांच्या अगदी शेवटच्या दिवशी टाकतो. पण आता एकही रोटी चुकवायची नाही. चुकली तर माझा इलाज नाही.”

आता नुएना माझ्या हातून काही घेईना. मी रोटी पुढे केली की ती उठून आजीच्या तंबूत पळायची. शेळीच्या वाड्यापासची माझी आरडाओरड तिच्या मनात बसली होती. मी समजावलं, लालूच दाखवली, दटावलं. तिनं तोंड उघडलं नाही. मी रोटी हातात घेऊन अंगणात उभी होते आणि मला रडू कोसळलं.

पलीकडच्या तंबूचा पडदा बाजूला झाला. खाला बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातली रोटी घेतली, सतरंजीवर बसल्या, आणि नुएनाला मांडीवर घेतलं.

“आजी, शेळीला दे ना.”

“आज नाही.”

“मला चावेल.”

“चावेल,” खाला म्हणाल्या. “आजी खोटं बोलणार नाही. चावेल. मी पोट चोळीन.”

त्यांनी एक तुकडा मोडला. बराच वेळ तो नुसता बोटांत धरला. ओठ हलत होते, बिस्मिल्ला की आणखी काही ते मला कळलं नाही. मग त्यांनी तो तुकडा तिच्या ओठांपाशी नेला. हात तिथेच अडला, तेव्हा नुएनानंच आपल्या दोन्ही हातांनी तो धरला आणि तोंडाकडे ओढला.

त्यानंतर रोज खालांनीच भरवलं. रोज शेवटपर्यंत. नंतर पोरीला पोटाशी घेऊन पडून राहायच्या, आणि तिच्या पोटावरून त्यांचा तो उजवा हात फिरत असायचा. पोट पुन्हा वर आलं. झग्याची कड पुन्हा उचलली गेली. तुफा वाटपाला आली, तिनं नुएनाकडे पाहिलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी तिचा डबा दोनदा ठोकला.

ईद झाली, शेवटच्या दिवशी नळीही झाली. इस्पितळातून उत्तर आलं तेव्हा डॉक्टर लहबीब स्वतः घरी आला. त्याला बघून मी उठले, खाला उठल्या नाहीत.

“आहे,” तो म्हणाला. “गव्हाचंच आहे. आता अगदी नक्की.”

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. डॉक्टरनं खालांकडे वळून अदबीनं विचारलं, “आजी, हे रक्तातून येतं. तुमचीही तपासणी करू या का? फक्त त्यासाठी तुम्हाला काही दिवस रोटी...”

“माझी झाली तपासणी,” खाला म्हणाल्या. “चहा घे.”

नवीन पीठ आलं. पांढरंशुभ्र, हाताला खडूच्या भुकटीसारखं. मळलं तर एकत्र येईना, थापलं तर चिरफळ्या. पहिली रोटी तव्यावरून काढताना तीन ठिकाणी तुटली. नुएनानं संशयानं कोपरा चावला, थांबली, पोटाला हात लावला, वाट बघितली. मग दुसरा घास घेतला. तिसरा घ्यायला मला सांगावं लागलं नाही.

असर झाली. ती रोटी हातात घेऊन ती आजीबरोबर शेळ्यांकडे निघाली. मीही गेले, या वेळी पत्र्याआडून नाही. वाड्यापाशी नुएनानं उरलेल्या रोटीचा तुकडा आजीपुढे धरला.

“आजी, तू खा. ही चावत नाही. मी बघितलं.”

खालांनी तुकडा घेतला. तो मोडून त्यांनी त्यातला अर्धा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. किती वर्षांनी, ते त्यांनाच माहीत. काळ्या शेळीनं तारेतून तोंड बाहेर काढलं आणि हातातल्या उरलेल्या अर्ध्यासाठी ओरडायला लागली. खालांनी तिला तो दिला नाही. मेलहफ्याच्या पदराच्या टोकात त्यांनी तो नीट गुंडाळला, वर गाठ मारली, ती ओढून घट्ट केली, आणि छावणीपलीकडे, जिथं पहिल्या वर्षीच्या कबरींचे दगड उभे आहेत, तिकडे चालायला लागल्या.

कुठे निघालात, ते मी विचारलं नाही. मी नुएनाचा हात धरला आणि शेळीला पुठ्ठा घातला.